जलरंगाची मर्जी

जलरंगाशी ओळख नाही असं मराठी घर विरळाच. दप्तरातली रंगांच्या गोल वड्यांची चपटी पेटी, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेत बाकावर हिंदकळणारा पाण्याचा डबा आणि निसर्गचित्राच्या पेपराला समोर ठेवलेली जास्वंदीची फांदी, एवढ्यावर ही ओळख झालेली असते. पुढे शाळा सुटते, पेटी माळ्यावर जाते आणि मनात एक समज पक्का होऊन बसतो, की हा पोरांचा सवंगडी. खरी चित्रकला म्हणजे कॅनव्हास, सोनेरी चौकट आणि तैलरंग. बिचाऱ्याबद्दल एवढा मोठा गैरसमज क्वचितच कुणाचा होत असेल. भले भले चित्रकार याच्यासमोर बसताना श्वास रोखून बसतात. म्हणून म्हटलं, याची नीट ओळख करून द्यावी.

राहणी एकदम साधी. रंगाची बारीक पूड, ती धरून ठेवायला अरबी डिंक, ओलसरपणा टिकावा म्हणून थोडा मध किंवा ग्लिसरीन आणि वरून पाणी, एवढाच संसार. तो शबनम पिशवीत मावतो. मेणवलीच्या घाटावर पायरीवर बसवा, बसेल. पाणी संपलं तर नदीतलं चालेल. सावली मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर छत्री उघडा. तैलरंगाला खोली लागते, इझल लागतं, टर्पेंटाइनच्या वासासाठी उघडी खिडकी लागते, आणि निघताना ओलं चित्र कुठे टेकवायचं याची चिंता लागते. जलरंग मात्र काखोटीला मारला की निघाली स्वारी.

पण राहणी साधी म्हणून स्वभाव साधा समजू नका. याच्याइतका मानी गृहस्थ चित्रकलेच्या अख्ख्या गोतावळ्यात सापडायचा नाही.

आधी गोतावळ्याचंच सांगतो. तैलरंग हा याचा भाऊ. मानपान सगळा तैलरंगाकडे, त्यामुळे तोच थोरला असं पाहुण्यांना वाटतं. वयानं पाहिलं तर पाणी आणि डिंक यांचा संसार कितीतरी जुना. इजिप्तच्या पपायरसावर तो होता, आपल्या लघुचित्रांत डिंकात कालवलेल्या रंगांनीच राजे, राण्या आणि पावसाळी ढग उभे राहिले. तैलरंगाचं बस्तान युरोपात नीट बसलं ते पंधराव्या शतकात, यान व्हॅन आयक या चित्रकाराच्या काळात. आला धाकटा, पण घरात शिरताच त्यानं पाटावरची पहिली जागा घेतली, ती आजवर सोडलेली नाही.

त्या भावाला नावं ठेवायची नाहीत. तो मोठ्या मनाचा आहे. जवसाच्या तेलात राहतो, आणि हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत ते हळूहळू घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, थर जाड असेल तर महिने. तेवढ्या काळात चित्रकाराला विचार बदलायची मुभा असते. नाक वाकडं आलं, सुरीनं खरवडा. गालाचा रंग जड झाला, चिंधीनं पुसा. उद्या या, परवा या, समोर बसणाऱ्यालाही पुन्हा बोलवा. अट एकच, खालचा थर रोडका आणि वरचा तेलकट. ही अट मोडली तर मात्र काही वर्षांनी तो चेहऱ्यावर भेगा पाडून आठवण करून देतो. अशा सवडीनं काम करणाऱ्याच्या हाती व्यक्तिचित्रं शोभतात. सांगे गावात जन्मलेले गोव्याचे आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद यांनी आपली पत्नी आणि मुली तेलात रंगवल्या, तेव्हा मुंबईच्या घरातली दुपार, कापडाची सळसळ आणि थकलेले डोळे थरांमागून थर देत त्यांनी आणले. पणजीच्या फोंताइन्यास भागात ती चित्रं पाहताना कळतं, की तैलरंगाचा खरा गुण म्हणजे थांबून राहण्याची तयारी.

जलरंगाकडे मात्र अपील नाही. कागदावर ब्रश टेकला, निकाल लागला. कागद पितो ते रक्तात उतरतं. चुकलेली जागा खरवडायला जाल तर कागदाची सालं निघतात. वर दुसरा थर देऊन झाकायला जाल तर खालचा थर आरपार दिसतो, कारण हा अंगानं पारदर्शक; लपवाछपवी याच्या रक्तातच नाही. तिसरा थर दिलात, चौथा दिलात, की सगळे रंग एकमेकांत मिसळून राखाडी चिखल होतो. चित्रकार मंडळी एकमेकांची चित्रं पाहताना मान हलवून म्हणतात ना, 'मळलं रे', ते याच्याचबद्दल.

याचा हट्ट पुरवायचा कसा, हे एका जास्वंदीच्या पाकळीवर पाहा. कागदावर पाकळीच्या आकाराएवढंच स्वच्छ पाणी फिरवायचं. मग कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरून बघायचं. पाणी लखलखत असेल तर हात मागे. ती लखलख ओसरून नुसती मंद झाक उरली, की मोठ्या ब्रशचं टोक किरमिजी रंगात बुडवून पाकळीच्या मुळाशी टेकवायचं आणि उचलायचं. पुढचं काम तो करतो. रंग मुळाकडून कडेकडे आपल्या पायांनी चालत जातो, जाता जाता फिकट होतो, कोरड्या कागदाची हद्द लागली की तिथेच थबकतो, आणि थबकताना कडेला बारीक गडद रेघ ओढून सही करतो. पाकळीच्या शिरा दाखवायच्या तर आता, अर्धओल्यात, पाणी झटकलेल्या ब्रशनं. क्षणभर उशीर करून पाणीदार थेंब टाकलात, तर तो थेंब वाळत आलेल्या रंगाला मागे लोटतो आणि पाकळीच्या मध्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उमटतो. तो डाग जात नाही. जाणते चित्रकार तो काढायच्या फंदातही पडत नाहीत. त्याचीच दुसरी पाकळी करतात.

आता त्याच्या घरातली सर्वांत मोठी गंमत. त्याच्याकडे पांढऱ्याची सोय नाही. पेटीत पांढऱ्याची ट्यूब असते, पण अस्सल पारदर्शक जलरंगाचा भक्त ती सहसा उघडत नाही, कारण पांढरा घातला की रंग धुकट होतो. मग मोगरा पांढरा कसा काढायचा? काढायचाच नाही. मोगऱ्याभोवतीची सावली, पानं, मागची भिंत रंगवायची आणि मोगऱ्याच्या जागी कागद जसाच्या तसा ठेवायचा. म्हातारीच्या डोळ्यातला ठिपक्याएवढा उजेड, नाकाच्या शेंड्यावरची चमक, पाण्यावरचं ऊन, सगळं म्हणजे न रंगवलेला कागद. तैलरंगात उजेड शेवटी येतो, घट्ट पांढऱ्याच्या ठिपक्यानं. इथे उजेड पहिल्या मिनिटाला ठरवावा लागतो आणि शेवटपर्यंत राखावा लागतो. उरलेल्या रंगांतूनही जे तेज दिसतं ते कागदाचंच: प्रकाश रंगाच्या पातळ पापुद्र्यातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो. म्हणून ताजा जलरंग आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि चार थर चढले की विझतो.

कागदाच्या बाबतीत हा अतिशय चोखंदळ. स्वस्त पातळ कागद दिलात की तो ओला होताच फुगतो, त्यावर खळगे पडतात आणि रंग त्या खळग्यांत डबकी करून बसतो. त्याला सुती चिंध्यांच्या लगद्याचा, जाड, दाणेदार कागद आवडतो, आणि कामाआधी तो भिजवून, पाटीवर ताणून, चारी कडांना चिकटपट्टी लावून दिलेला असेल तर स्वारी खूश. आपल्याकडे पुण्यात शिवाजीनगरला 1940 मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. हातानं उचललेल्या त्या कागदाच्या दातेरी कडा आणि खरबरीत अंग हे त्याच्या मनासारखं स्थळ. दाणेदार कागदावर जाड, कोरडा ब्रश घासून ओढला की रंग फक्त दाण्यांच्या माथ्यावर बसतो, खळगे पांढरे राहतात आणि एका फटक्यात तलावावर ऊन चमकतं. ब्रशही त्याला पाणी पोटात साठवणारा आणि टोक न सोडणारा हवा. एके काळी त्यासाठी मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्रास वापरत. मुंगूस आता कायद्यानं संरक्षित आहे आणि तो व्यापार बेकायदेशीर ठरला आहे. याचं त्याला दुःख नसावं. चांगला कृत्रिम केसांचा ब्रश दिला तर तो तेवढ्याच दिमाखात चालतो.

हवामानाच्या बाबतीत मात्र नवाबी थाट. वैशाखात नागपुरात ब्रश पॅलेटवरून कागदावर येईपर्यंत अर्धा वाळलेला असतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वरून खाली आणेपर्यंत वरची कड कोरडी पडून पट्टा उमटतो. श्रावणात कोकणात तोच कागद तासभर ओला राहतो. इथे एक थर वाळायची वाट पाहत चहा होतो, दुसरा चहा होतो, आणि घाई करून पुढचा रंग टाकला की सुपारीच्या बागा आणि आभाळ हातात हात घालून खाली वाहत येतात. त्यामुळे अनुभवी माणूस त्याला काम सांगण्याआधी हवा बघतो. स्टुडिओत बसणारे केस वाळवायचं यंत्र जवळ ठेवतात. बाहेर बसणारे आपला वेग हवेवर सोपवतात. याचा स्वभाव ज्याला समजला, तो पावसाळ्यात पावसाळी आभाळच रंगवायला घेतो, कारण तेव्हा दोघांच्या मनात एकच असतं.

त्याच्या घरची माणसंही एकापेक्षा एक. अल्ट्रामरीन निळा हा गंभीर, रवाळ. पाण्यात सोडला की त्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सावलीला मखमली पोत येतो. डोंगर आणि म्हाताऱ्या चेहऱ्याच्या सुरकुत्या यांच्याशी त्याचं छान जमतं. थॅलो निळा आक्रमक. एकदा कागदाला शिवला की निघत नाही आणि शेजाऱ्यालाही आपल्या रंगात ओढतो. पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, ही घरातली समजूतदार. कातडीच्या रंगाला तिच्याशिवाय ऊब येत नाही. आणि अलिझरिन क्रिमझन हा घरातला देखणा पळपुटा. गुलाबाच्या काळजातला किरमिजी त्याच्याइतका कुणाला साधत नाही, पण उन्हात ठेवलेल्या चित्रातून तो हळूहळू निघून जातो. त्याचे पातळ वॉश आधी जातात. म्हणून आजचे सावध चित्रकार त्याच्या जागी टिकाऊ क्विनॅक्रिडोन घेतात आणि गुलाब पुढच्या पिढीला सोपवतात.

उन्हाचं भय एकट्या अलिझरिनला नाही, सगळ्या घराण्यालाच आहे. संग्रहालयांत तैलचित्रांना साधारण दोनशे लक्स उजेड चालतो. जलरंगाला पन्नासाच्या वर सहसा नेत नाहीत. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात ड्यूरर या चित्रकारानं 1502 मध्ये रंगवलेला ससा आहे. कानांतून आरपार जाणारा उजेड आणि अंगावरचा एकेक केस दिसतो, पण तो ससा बहुतेक काळ अंधारात विश्रांती घेतो आणि काही वर्षांतून थोडे आठवडे लोकांना दर्शन देतो. एडिनबरात तर याचं वार्षिक संमेलनच भरतं. हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाच्या मृत्युपत्रानं 1900 मध्ये चित्रकार टर्नरची 38 जलरंगचित्रं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनाला दिली आणि अट घातली, की ती फक्त जानेवारीत दाखवायची, कारण त्या महिन्यात तिथला सूर्य सर्वांत दुबळा. शंभराहून अधिक वर्षं ती अट पाळली जाते. जगातल्या कुठल्या राजानं भेटीचा एवढा कडक शिष्टाचार पाळला असेल! आणि हा शिष्टाचार त्याला शोभतोही, कारण त्यामुळेच टर्नरचे ते सूर्यास्त अजून ओले वाटतात.

फुलांशी मात्र जलरंगाची जन्मजात मैत्री. दोघांचंही आयुष्य सकाळ ते संध्याकाळ. जास्वंद एका दिवसाची पाहुणी. तेल वाळेपर्यंत थांबायला तिला सवड नाही. जलरंगाकडून फुलं काढून घेणारे दोन टोकांचे उस्ताद होऊन गेले. एक प्येर-जोझेफ रेदूते. फ्रान्समध्ये सम्राज्ञी जोझेफीनच्या माल्मेझोंच्या बागेतले गुलाब त्यानं चर्मपत्रावर रंगवले. 1817 ते 1824 या काळात ते पुस्तकरूपानं छापून आले. त्याच्या हाताखाली जलरंग दरबारी रीतीनं वागला: काटा कुठे, पानाची दातेरी कड कशी, कळीचं हिरवं आवरण कुठल्या बाजूनं फाटलं आहे, सगळं नेमकं. वनस्पतिशास्त्रज्ञानं ओळखावं आणि प्रियकरानं द्यावं असं फूल. एवढी अदब आपल्या मानी गृहस्थानं दुसऱ्या कुणासाठी दाखवलेली नाही.

दुसरा एमिल नोल्डे, जर्मनीच्या अगदी उत्तर टोकाला, डॅनिश सीमेजवळ झेबूलला राहणारा. त्यानं आणि पत्नी आडानं तिथल्या सपाट, वाऱ्याच्या माळावर बाग लावली, आणि तिच्या वाटा दोघांच्या आद्याक्षरांच्या आकारात आखल्या. नोल्डेनं जलरंगाची दरबारी वस्त्रं उतरवली. तो जपानी कागद असा ओला करी, की रंग पृष्ठभागावर न थांबता कागदाच्या अंगात मुरे आणि मागच्या बाजूनंही दिसे. खसखशीची लाल फुलं, निळे आयरिस, सूर्यफुलं यांना त्यानं बाह्यरेषा दिल्याच नाहीत. लाल जिथे निळ्याला भेटला तिथे फुलाची कड ठरली. त्याच ओल्या पद्धतीनं त्यानं चेहरेही काढले. हिरवट कपाळ, जांभळे ओठ, तरी त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते दिसतंच. माणूस म्हणून नोल्डे सोपा नव्हता: तो नाझी पक्षाचा सदस्य होता, आणि त्याच राजवटीनं त्याची हजाराहून अधिक चित्रं संग्रहालयांतून काढून नेली. पण जलरंगाला मोकळं सोडलं की तो कुठवर जातो, हे पाहायचं तर झेबूलच्या फुलांना पर्याय नाही. शिस्त आणि मोकळेपण, दोन्हीला तो जागतो. फक्त अर्धवट वागणाऱ्याला जागत नाही: निम्मं जपून, निम्मं बिनधास्त असं चालत नाही.

तैलरंगाच्या घरात नाव काढून मग याच्याकडे आलेल्यांमध्ये मोठं नाव म्हणजे जॉन सिंगर सार्जंट. युरोप-अमेरिकेतल्या उमराव बायका आपलं व्यक्तिचित्र त्याच्याकडून व्हावं म्हणून रांग लावत. रेशमी झग्यावरची चमक तो ब्रशच्या एका ओढीत काढी. 1907 च्या सुमारास त्यानं मागणीवरून व्यक्तिचित्रं करणं जवळजवळ बंद केलं, आणि पुढे व्हेनिसचे कालवे, आल्प्सचे ओढे, उन्हात वाळणारी धुणी रंगवत तो जलरंग घेऊन फिरला. 1909 मध्ये न्यूयॉर्कला ही चित्रं मांडली गेली तेव्हा ब्रुकलिन संग्रहालयानं त्यांतली 83 एकाच वेळी विकत घेतली. तैलरंगानं त्याला प्रतिष्ठा दिली होती. जलरंगानं त्याला उनाडायला शिकवलं.

आणि आपल्याकडचे सावळाराम हळदणकर. जन्म 1882, सावंतवाडी. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, 1908 मध्ये स्वतःची कलासंस्था काढली. तेल आणि पाणी दोन्ही त्यांच्या हातात सारखीच वळत. चेहरा म्हटलं की तैलरंगाकडे जायचं हा व्यवहार. हळदणकरांनी तो मोडला. चेहरा, तोही दिव्याच्या उजेडातला, म्हणजे छायाप्रकाशाची सगळ्यात अवघड परीक्षा, त्यांनी जलरंगाच्या हाती दिली. 1945-46 च्या सुमाराचं 'ग्लो ऑफ होप' हे ते चित्र. समोर त्यांची मुलगी गीता. तिच्या एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीला आडोसा करतो.

त्या आडोशाच्या हातापाशी थांबा. उजेड बोटांच्या मधून फुटतो आणि बोटांच्या कडा लालसर पेटतात, कारण ज्योतीसमोर धरलेल्या हाताचं रक्त खरंच दिसतं. तळवा तापलेला, मनगट सावलीत, आणि तो उजेड वर सरकत हनुवटी, ओठ, नाकाची बाजू यांना शिवत कपाळापाशी मंद होतो. आता जलरंगाचा नियम आठवा. ज्योतीच्या गाभ्याला सर्वांत कमी रंग. भोवतालच्या अंधारानं तिला उजळ करायचं. बोटांची लाली पातळ, कारण जाड झाली तर विझेल. गालावरचा उतार एका श्वासात, कारण मध्ये थांबलं तर कड उमटेल. आणि हे सगळं जाणत्या संयमानं, एकही जागा न मळवता. चेहऱ्यावरचा भाव तर शब्दांत धरायला अवघड: हसू येईल की काय असं वाटतं आणि येत नाही. हा भाव क्षणाचा होता. त्याला थांबायला सांगता आलं नसतं, म्हणून त्याच्या वेगानं धावणारं माध्यमच लागलं. माझ्या मते हळदणकरांनी जलरंग निवडला यातच चित्राचं अर्धं यश आहे.

पण याचं नशीब पाहा. ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे, आणि त्याच दालनात राजा रविवर्मा यांची तैलचित्रं. येणारे-जाणारे हात जोडून म्हणतात, रविवर्म्यांची काय कमाल! रविवर्मा 1906 मध्ये गेले. चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी झालं. पण एवढा जिवंत चेहरा, एवढा उजेड म्हणजे तेल आणि रविवर्माच, असा लोकांचा ठाम समज. कॅलेंडरांवर, दुकानांतल्या चौकटींत हे चित्र अशाच चुकीच्या नावानं फिरलं. आपला मानी गृहस्थ सावंतवाडीच्या माणसाबरोबर एवढं मोठं काम करून गेला आणि श्रेय भावाच्या खात्यात जमा झालं. मराठी घरांनी तरी ही दुरुस्ती करावी: ते चित्र हळदणकरांचं आहे आणि ते पाण्याचं आहे.

बाजारातही तोच अन्याय. प्रदर्शनात लोक तैलचित्रापुढे थबकतात, जलरंगापुढून सरकत जातात. ग्राहक विचारतो, 'कागदावर आहे ना? मग एवढी किंमत?' कागदावर आहे म्हणूनच. तैलचित्रात चित्रकारानं केलेलं प्रत्येक काम तुम्हाला दिसतं. जलरंगात त्यानं न केलेल्या कामाचेही पैसे द्यायचे असतात: जी जागा त्यानं पांढरी राखली, जो दुसरा थर त्यानं दिला नाही, जी रेघ ओढायची इच्छा त्यानं आवरली. आणि बऱ्याचदा त्या एका चित्रामागे फाडलेले कितीतरी कागद असतात, ज्यांची पावती कुणी मागत नाही.

या गृहस्थाच्या संगतीत चित्रकार बदलतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. तेलात वर्षानुवर्षं रमलेला माणूस जलरंगाकडे आला की त्याच्या तैलचित्रांतूनही फालतू बडबड गळते. कॅनव्हासवर तो उजेडाची जागा आधी ठरवू लागतो. जलरंगवाला तेलाकडे गेला तर सावल्यांना वजन द्यायला शिकतो, धीर धरायला शिकतो. फुलं आणि चेहरे दोन्ही जीव ओतून काढणारे चित्रकार सहसा दोघा भावांशी सख्य ठेवतात, आणि कुठल्या चेहऱ्याला कोण लागेल हे ओळखून असतात. ज्या माणसाकडे सवडीनं पाहावं असं वाटतं, त्याला तेल. ज्याच्याकडे पाहताना तो आत्ता मान वळवेल आणि हा भाव जाईल असं वाटतं, त्याला पाणी. गुलदाणीतल्या निशिगंधाला दोन्ही चालतात. सकाळी उमललेल्या जास्वंदीला पाणीच.

तेव्हा पुढच्या वेळी प्रदर्शनात जाल तेव्हा जलरंगापुढे तैलचित्राएवढाच वेळ द्या. आधी चित्रातली सर्वांत उजळ जागा शोधा आणि तिथे रंग आहे की कोरा कागद ते पाहा. मग एखादी कड शोधा, जिथे दोन रंग ओलेपणी भेटले. आणि घरात चित्रं काढणारं मूल असेल तर त्याला चार चांगले रंग, एक टोकदार ब्रश आणि थोडा जाड कागद आणून द्या, आणि कागद मळला म्हणून ओरडू नका. आठ-दहा कागद मळल्यावर एका दिवशी ते आपण होऊन ब्रश खाली ठेवेल आणि म्हणेल, आता नको, बिघडेल. कुठे थांबायचं हे ज्याला कळलं त्याला जलरंगानं आपलं म्हटलं. तो याहून मोठी पदवी देत नाही, आणि चित्रकलेत याहून मोठी पदवी मला तरी ठाऊक नाही.